‘द व्हील ऑफ टाइम’चे मधले चार खंड: संथपणा कुठे खपतो, कुठे खपत नाही

रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची इंग्रजी कादंबरीमालिका वाचायला घेणाऱ्याला कोणी ना कोणी आधीच सावध करून ठेवतो: सहाव्या खंडापर्यंत निश्चिंत वाचा, सातव्यापासून दहाव्यापर्यंत मात्र धीर धरावा लागेल. जुन्या चाहत्यांनी या टप्प्याला ‘स्लॉग’, म्हणजे दमवणारी वाटचाल, असे नावच देऊन टाकले आहे. ते इतके रूढ झाले आहे की ‘अ क्राउन ऑफ सोर्ड्स’, ‘द पाथ ऑफ डॅगर्स’, ‘विंटर्स हार्ट’ आणि ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ ही चारही पुस्तके एकाच माळेचे मणी मानली जातात. चारही खंड पाठोपाठ वाचल्यावर हा शिक्का मला निम्माच पटला. संथपणा चौघांतही आहे, परंतु तो एका जातीचा नाही. दोन खंडांत तो खपून जातो, एकात अर्धामुर्धा खपतो आणि एकात तो रचनेच्या मुळाशीच जाऊन बसला आहे. पुढे कथानकातील महत्त्वाच्या घटना उघड कराव्या लागल्या आहेत, तेव्हा ज्यांना त्या स्वतः वाचायच्या आहेत त्यांनी येथेच थांबलेले बरे.

काळ चक्राकार फिरतो, युगे येतात आणि जातात, आणि प्रत्येक फेऱ्यात तेच जीव नव्या देहात जन्म घेतात, ही या मालिकेची मूळ कल्पना आहे. त्यामुळे युगचक्र आणि पुनर्जन्म हे शब्द लहानपणापासून कानांवर पडलेल्या मराठी वाचकाला या जगात शिरताना फारसे अवघडल्यासारखे होत नाही. अंधाराच्या अधिपतीशी अखेरची लढाई लढण्यासाठी पुन्हा जन्मलेला रँड अल्थोर, त्याच्याच गावचे मॅट आणि पेरिन, जादूशक्ती वापरू शकणाऱ्या एग्वेन आणि नायनीव्ह, तसेच अँडोर राज्याची राजकन्या एलेन, ही त्यातील प्रमुख मंडळी. पहिला खंड जानेवारी १९९० मध्ये आला आणि सहावा १९९४ मध्ये, म्हणजे पाच वर्षांच्या आत सहा जाडजूड पुस्तके वाचकांच्या हाती पडली. त्यानंतर वेग मंदावला. सातवा खंड १९९६ मध्ये, आठवा १९९८ मध्ये, नववा २००० मध्ये आणि दहावा थेट जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चार खंडांची जी बदनामी झाली तिचा मोठा भाग या सनावळीत दडलेला आहे. सातव्या खंडाच्या अखेरीस मॅट कोसळत्या भिंतीखाली सापडतो. आठव्या खंडात तो औषधालाही दिसत नाही आणि थेट नवव्यात परततो. म्हणजे तो जगला की मेला, हे कळण्यासाठी त्या काळच्या वाचकाला चार वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. पेरिनच्या पत्नीचे, फाईलचे, अपहरण १९९८ च्या खंडात होते आणि तिची सुटका होते २००५ मध्ये आलेल्या अकराव्या खंडात. (सात वर्षे प्रलंबित राहिलेल्या फाईलवर विनोद करण्याचा मोह मराठी माणसाने आवरावा, हे कठीणच.) दोन-दोन वर्षे वाट पाहून हाती आलेल्या पुस्तकात आवडते पात्रच नसेल, तर वाचकाने चिडणे स्वाभाविक होते. आज चौदाही खंड तयार आहेत, एक मिटून दुसरा लगेच उघडता येतो, आणि त्यामुळे जुन्या तक्रारींपैकी निम्म्या आपोआप गळून पडतात. प्रश्न उरतो तो उरलेल्या निम्म्यांचा.

मालिका चालू लागल्यावर पैशासाठी त्यात पाणी घालून ती वाढवली, हा आरोप सर्वांत सोपा आहे आणि तो मला मान्य नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरलेले नसते तो लेखक पाणी घालतो. जॉर्डन यांची अडचण नेमकी उलट होती. मुळात मोजक्या खंडांची म्हणून कल्पिलेली ही कथा पसरत गेली, नाव असलेल्या पात्रांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली, आणि सहाव्या खंडापर्यंत प्रत्येक प्रमुख पात्राला स्वतःचे सैन्य, स्वतःचे राजकारण आणि स्वतःचा भूगोल मिळून चुकला होता. रँड एका टोकाला, पेरिन दुसऱ्या, मॅट तिसऱ्या, एग्वेन बंडखोर आएस सेडाय, म्हणजे जादूशक्ती वापरणाऱ्या संघातील, स्त्रियांच्या छावणीत आणि एलेन राजधानीत, असे पाच सुभे एकाच वेळी चालवायचे, तर पुस्तक कितीही जाड केले तरी प्रत्येक सूत्राच्या वाट्याला येणारी पाने कमीच होत जातात. त्यातच कोणत्याही सूत्रात थोडक्यात आटोपण्याची जॉर्डन यांची तयारी नाही. छावणीत कोण कोणाच्या तंबूत गेले, चहा गार झाला होता का, कोणाच्या शालीच्या झालरीचा रंग कोणता, हे सारे पहिल्या खंडाच्याच सावकाशीने येत राहते. पाया रुंदावला आणि चाल तीच राहिली. गाडे रुतले ते त्यामुळे.

महाकथेच्या मधल्या भागाने रेंगाळू नये, असा माझा आग्रह नाही. महाभारतातले उद्योगपर्व पाहा. युद्ध होणार हे सर्वांच्या मनात ठरून गेलेले आहे, तरीही दूत येतात, जातात, संजय निरोप घेऊन येतो, विदुर रात्रभर नीती सांगतो, कृष्ण स्वतः शिष्टाईला जातो, आणि त्यानंतर तो कर्णालाही त्याच्या जन्माची हकिगत सांगून पाहतो. घटना म्हणावी तर फारशी नाही, तरीही वाचक खिळून राहतो, कारण प्रत्येक भेटीनंतर परतीचे एकेक दार बंद होत जाते आणि ते बंद करणाऱ्याचा स्वभाव उघडा पडतो. संथ भागाचे मोल मी याच कसोटीवर ठरवतो: प्रकरण संपल्यावर कोणासाठी कोणते दार बंद झाले? जेथे उत्तर मिळते तेथे वेग कमी असला तरी बिघडत नाही.

या कसोटीवर सातवा खंड, ‘अ क्राउन ऑफ सोर्ड्स’, बदनाम चौकडीत बसतच नाही. सुक्याबरोबर ओले जळावे तसा तो जळला आहे. एबू डार या बंदराच्या शहरात हवामान ताळ्यावर आणणारे एक जादूचे भांडे शोधण्याचा उद्योग लांबतो, हे खरे. पण तो चालू असतानाच नायनीव्हचे जे होते त्यासाठी मी तो सारा उद्योग माफ करतो. ही बाई संतापल्याशिवाय जादूशक्तीला हात घालू शकत नाही, आणि तिची ही गाठ पहिल्या खंडांपासून वाचकाच्या ओळखीची आहे. येथे तिची नाव बुडते, ती पाण्याखाली अडकते, संताप आणण्याइतकाही जीव उरत नाही, आणि हातपाय मारणे सोडून ती शरण जाते त्याच क्षणी गाठ सुटते. तिला वर काढणारा तिचा प्रियकर लॅन असतो आणि पुढे त्यांचे लग्नही होते. सहा खंड साठवून ठेवलेली गोष्ट जॉर्डन दोन-तीन पानांत, एकही जादा शब्द न वापरता, संपवतात. याउलट, रँडची त्याच्या बलाढ्य शत्रूशी होणारी लढाई मात्र अखेरच्या प्रकरणात उरकल्यासारखी वाटते. राणी टायलिन मॅटवर जी जबरदस्ती करते ती लेखकाने विनोदाच्या अंगाने लिहिली आहे, आणि तो विनोद आज मुळीच हसवत नाही. हा दोष वेगाचा नाही, जाणिवेचा आहे, म्हणून त्याची येथे नुसती नोंद करतो.

‘द पाथ ऑफ डॅगर्स’ हा मुख्य चौदा खंडांपैकी सर्वांत छोटा आणि, गंमत म्हणजे, ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेला या मालिकेतला पहिला खंड. त्याची पहिली पाच-सहा प्रकरणे हवामानाच्या त्या भांड्याच्या मागे जातात. शहरातून निघणे, शेतमळ्यावर पोहोचणे, कोणी कोणाच्या पुढे चालायचे यावरून मानापमान, आणि मग प्रत्यक्ष विधी, हे सारे वाचताना घोडे पेंड खाते ते येथेच, हे कळून चुकते. मधला भाग मात्र दमदार आहे. गोठलेल्या तळ्यावर उभारलेल्या मांडवातली सरदारांची भेट आटोपून परतलेली एग्वेन आपल्याच सभेकडून युद्ध पुकारण्याचा ठराव संमत करून घेते, आणि ठराव झाल्यावरच सभेतील थोराड स्त्रियांच्या लक्षात येते की युद्धकाळात जुन्या कायद्याने सारी सूत्रे तिच्या हाती जातात. हिला बाहुली म्हणून खुर्चीवर बसवले होते. संपूर्ण प्रकरणात तलवार उपसली जात नाही, कोणी आवाजही चढवत नाही, तरीही या खंडातील सर्वांत निर्णायक लढाई हीच. शॉनचान आक्रमकांविरुद्ध रँड जादूची तलवार वापरतो आणि विजा त्याच्याच सैनिकांवर कोसळतात, हा प्रसंगही असाच परतीचे दार बंद करणारा आहे. अर्धे पुस्तक खपते, अर्धे नाही; मॅटची अनुपस्थिती मात्र सलग वाचतानाही खटकते, कारण मालिकेतला हसू आणणारा आवाजच तेवढा काळ बंद पडतो.

नवव्या खंडाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘विंटर्स हार्ट’मध्ये एलेनच्या राजधानीतील प्रकरणे जड जातात, परंतु मॅटचे पुनरागमन, शॉनचान राजकन्या टूऑनशी त्याची पडलेली गाठ आणि एबू डारमधून पलायन ही मालिकेतील उत्तम पाने आहेत. अखेरच्या प्रकरणात रँड आणि नायनीव्ह मिळून पुरुषांच्या वाट्याच्या जादूशक्तीवरील तीन हजार वर्षांहून जुना कलंक धुऊन काढतात. ज्या कलंकामुळे शक्ती वापरणारा प्रत्येक पुरुष वेडा होत असे, तो पहिल्या पानापासूनचा शाप येथे संपतो. असा शेवट असलेल्या पुस्तकाला कंटाळवाण्यांच्या यादीत टाकणे अन्यायाचे आहे.

आणि नेमक्या याच शेवटाने दहावा खंड बुडवला.

‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’चा फार मोठा भाग त्याच दिवशी किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे घडतो. रँड कलंक धुऊन काढत असताना इतर सर्वजण कुठे होते, हे जॉर्डन यांना दाखवायचे आहे. त्यामुळे पेरिनच्या छावणीतील, एलेनच्या महालातील, एग्वेनच्या तंबूतील स्त्रियांना दूरवर कुठेतरी प्रचंड शक्ती एकवटल्याचे जाणवते, त्या दचकतात, आपसांत कुजबुजतात, तर्क लढवतात. हेच दृश्य जागा आणि माणसे बदलून पुन्हा पुन्हा येते. कल्पना कागदावर वाईट नाही. जगाला हादरवणारी घटना अनभिज्ञ माणसांच्या डोळ्यांनी पाहण्यात खोली असू शकते. पण वाचकाने ती घटना आधीच्या पुस्तकाच्या शेवटी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. पात्रे जे शोधत आहेत ते त्याला ठाऊक आहे, त्यांची भीती निराधार आहे हेही ठाऊक आहे, आणि त्या भीतीपोटी कोणी चुकीचे पाऊल टाकावे, तर तेही फारसे कोणी टाकत नाही. एग्वेनच्या छावणीत त्या भीतीचा थोडाफार राजकीय परिणाम होतो, तो अपवाद. बाकी चर्चेचे गुऱ्हाळ. स्वतः रँड या भल्यामोठ्या पुस्तकात जेमतेम एखाद्या प्रकरणापुरता येतो.

एलेनचे सूत्र या खंडात सर्वांत फिके आहे. सिंहासनासाठी तिला सरदार घराण्यांचा पाठिंबा जमवायचा आहे. कोण आपल्या बाजूने, कोण कुंपणावर, कोणाला किती उधार, हा हिशेब ती टबात आंघोळ करतानाही चालवते, आणि ते स्नान चाहत्यांच्या टिंगलीचा कायमचा विषय होऊन बसले आहे. मला स्नानाचे वावडे नाही. अडचण अशी की तिला काही गमावण्याची भीतीच उरलेली नाही. तिच्या पोटातील मुले सुखरूप जन्मतील, असे भविष्य पाहू शकणाऱ्या मिनने आधीच सांगून ठेवल्यामुळे ती स्वतःही बेफिकीर वागते, आणि ती राणी होणार याविषयी वाचकालाही शंका नसते. दार बंद होत नाही, उघडतही नाही; ते कधी उघडणार हे सर्वांना ठाऊक असताना आपण उंबऱ्यावर बसून राहतो.

पेरिनविषयी मात्र माझे मत रूढ मतापेक्षा वेगळे आहे. फाईलचा शोध तीन खंड लांबवला, ही चूक आहेच. परंतु दहाव्या खंडातील पेरिनची प्रकरणे सुटी काढून पाहिली तर ती चांगली आहेत. पत्नी गेल्यापासूनच्या प्रत्येक दिवसाची एक गाठ तो चामड्याच्या दोरीला मारत राहतो. सैन्यासाठी धान्य विकत घ्यायला तो सो हाबोर नावाच्या गावी जातो. गाव मळकट आहे, माणसे अंघोळ विसरलेली आहेत, कोणी नजर वर करून बोलत नाही, रात्री भुते दिसतात असे दबक्या आवाजात सांगितले जाते, आणि पोती उघडल्यावर धान्यात सोंडे वळवळताना दिसतात. ते धान्य गावाबाहेर पाखडून, जेवढे जमेल तेवढे साफ करून गाड्यांवर चढवले जाते. या लोकांना मदतीची गरज आहे हे पेरिनला समजते, एरवी तो थांबलाही असता, पण फाईलखेरीज त्याच्या मनात दुसऱ्या कशाला जागा उरलेली नाही आणि तो गाव मागे टाकून निघून जातो. पुढे कैद्यांकडून माहिती काढण्यासाठी तो एकाचा हात कुऱ्हाडीने तोडतो आणि त्यानंतर ती कुऱ्हाडच फेकून देतो. कुऱ्हाड की हातोडा, म्हणजे लढवय्या व्हायचे की लोहार, हा प्रश्न त्याच्याबरोबर सुरुवातीच्या खंडांपासून चालत आला होता. कुऱ्हाड फेकण्यापूर्वी सो हाबोर असणे आवश्यक होते, असे माझे ठाम मत आहे. सज्जन माणूस किती खाली घसरू शकतो हे ते किडलेले धान्य पाहिल्याशिवाय पटले नसते. या प्रकरणांच्या आजूबाजूला छावणीतील रुसवेफुगवे आणि बेरेलेन या राज्यकर्त्या स्त्रीचे नाव पेरिनशी जोडणाऱ्या अफवा इतक्या भरल्या नसत्या, तर त्यांची ताकद अधिक लोकांच्या लक्षात आली असती.

भाषेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. जॉर्डन यांचे वर्णन डोळ्यांपुढे चित्र उभे करणारे आहे, पण त्यांच्या पात्रांच्या लकबी ठरावीक आहेत आणि सातव्या खंडापर्यंत त्या पाठ होतात: वेणी ओढणे, घागऱ्याच्या चुण्या सारख्या करणे, छातीखाली हातांची घडी घालणे, नाक उडवणे. घटना वेगाने घडत असतात तेव्हा डोळा या लकबींवरून घसरून जातो; घटना थांबल्या की त्या खड्यासारख्या लागतात. प्रत्येक पुरुषाला स्त्रिया अनाकलनीय वाटणे आणि प्रत्येक स्त्रीला पुरुष मूर्ख वाटणे, हे तर अखंड चालू असते. हा दोष चौदाही खंडांचा आहे. मधल्या चारांत तो फक्त लपत नाही. लेखकाच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच संपादक होत्या. संपादकाची कात्री येथे अधिक धारदार चालायला हवी होती, असे दहावा खंड वाचताना वारंवार वाटते.

पुस्तक म्हणून या खंडांबद्दल दोन शब्द. आपल्याकडे सहसा ऑर्बिट या ब्रिटिश प्रकाशनाच्या साध्या बांधणीच्या आवृत्त्या मिळतात. अक्षर बारीक आहे, आणि जाडी इतकी की जपून वाचले तरी पुस्तकाच्या पाठीवर घड्या पडतात. मागे शब्दसूची आहे; सातव्या खंडापासून तिच्याशिवाय पान उलटणे अवघड, कारण आएस सेडाय स्त्रियांची नावे एकमेकींत मिसळू लागतात. याच कारणासाठी मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग यांचे श्राव्य वाचन, एरवी अतिशय उत्तम असूनही, या चार खंडांसाठी पहिल्या वाचनाला मी सुचवणार नाही. ऐकता ऐकता सूची चाळता येत नाही. पहिले वाचन कागदावर करावे, दुसऱ्या वेळी खुशाल ऐकावे. ॲमेझॉन प्राइमवरील मालिका पाहून जे इकडे वळतील त्यांना हेही सांगायला हवे की ती तिसऱ्या पर्वानंतर, २०२५ मध्ये, बंद झाली आणि या टप्प्यापर्यंत पोहोचलीच नाही. तेव्हा येथे पडद्यावरच्या ओळखीचा आधार मिळणार नाही.

खंड वगळावे का, असे विचारले जाते. सातवा आणि नववा मुळीच वगळू नयेत. आठव्याची सुरुवात भरभर वाचावी आणि एग्वेनच्या सभेपाशी वेग कमी करावा. दहाव्यासाठी पुस्तकातच एक सोय आहे: प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक लहान चित्र असते आणि त्यावरून ते कोणाभोवती फिरते याचा अंदाज येतो. लांडगा दिसला की बहुधा पेरिन, फासे दिसले की मॅट. ही प्रकरणे पूर्ण वाचावीत. मॅट आणि टूऑन सर्कशीच्या तांड्याबरोबर प्रवास करतात तो भाग तर संथ असूनही मजेचा आहे. एलेनच्या प्रकरणांवरून नुसती नजर फिरवली तरी पुढे काही अडत नाही. अखेरचे प्रकरण मात्र चुकवू नये. आएस सेडाय स्त्रियांचे मुख्य शहर असलेल्या टार व्हॅलॉनच्या बंदराची लोखंडी साखळी अभेद्य पदार्थात बदलण्यासाठी एग्वेन रात्रीच्या अंधारात स्वतः नावेतून जाते आणि पकडली जाते, ही या खंडाने पुढे सरकवलेली एकमेव मोठी सोंगटी आहे. दहावा खंड विकत घेताना अकरावा, ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’, बरोबरच घ्यावा. फाईलची सुटका, एलेनचे सिंहासन आणि मॅटचे लग्न ही तिन्ही कामे जॉर्डन यांनी त्या एकाच पुस्तकात मार्गी लावली आहेत.